उतारावरील घर : खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचे नियोजन कसे करावे?

सिमला, मसुरी, दार्जिलिंग, गंगटोक यांसारख्या डोंगराळ शहरांत रस्त्यावरून घरात प्रवेश करावा आणि जिना उतरून खालच्या मजल्यावर जावे, अशी रचना सर्रास आढळते. या खालच्या मजल्यावर बहुधा एक स्वतंत्र बिऱ्हाड असते. कोठे तेथे घरातील वृद्ध मंडळी राहतात, कोठे ते भाडेकरूंना दिले जाते, तर कोठे पर्यटकांसाठी राखून ठेवले जाते. कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या परिसरातील उताराच्या भूखंडांवरही अशी घरे बांधली जातात. जमिनीचा उतार आयताच मिळालेला असल्याने थोड्या अधिक खर्चात एक मजला जास्तीचा पदरात पडतो, असे त्यामागील सर्वसाधारण गणित असते.

हे गणित मात्र अपुरे आहे. माती आणि पाणी यांचा सर्वाधिक भार याच मजल्याला सोसावा लागतो, भूकंपाचे धक्केही प्रथम येथेच पोहोचतात आणि संकटकाळी बाहेर पडणे याच मजल्यावरून सर्वांत कठीण ठरू शकते. १४ ऑगस्ट २०२३ रोजी सिमल्यातील समर हिल येथे मुसळधार पावसात दरड कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी शहराच्या कृष्णानगर भागात उतारावरील अनेक घरे कोसळली. अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर, खालच्या बिऱ्हाडाचा विचार घराच्या आराखड्यात सर्वप्रथम होणे आवश्यक ठरते.

तळघर आणि खालचा मजला

सपाट जमिनीवरील तळघर चारही बाजूंनी मातीत असते. त्यात पाणी शिरले तर ते पंपाशिवाय बाहेर पडत नाही आणि माणसांना बाहेर पडण्यासाठी वर चढून जाणे एवढाच मार्ग उरतो. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगर भागात एका शिकवणी केंद्राच्या तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या तळघराला परवानगी साठवणुकीसाठी होती. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा चक्रीवादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात तळघरांतील घरांमध्ये अडकून ११ जण मृत्युमुखी पडले होते.

उतारावरील खालच्या मजल्याची स्थिती निराळी असते. त्याची मागची बाजू मातीत असली, तरी दरीकडील बाजू उघडी असते. त्यामुळे सपाट भूखंडावरील तळघराला न मिळणाऱ्या तीन गोष्टी त्याला लाभतात. पहिली म्हणजे थेट प्रकाश आणि वारा. दुसरी म्हणजे जमिनीच्या पातळीवरून सरळ बाहेर पडण्याची वाट. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे पाण्याला आपोआप वाहून जाण्यासाठी मिळणारा उतार. चांगल्या आराखड्यात या तिन्ही गोष्टी अखेरपर्यंत जपलेल्या असतात. दरीकडील बाजू भिंत घालून बंद केली, तेथे भराव टाकून अंगण उंच केले किंवा पाण्याची वाट बुजवली, तर उतारावरील हा मजला पुन्हा साध्या तळघराच्या पातळीवर येतो.

उतार किती असावा?

खालच्या मजल्याची शक्यता प्रथमतः उताराच्या प्रमाणावर अवलंबून असते. घराची पुढून मागेपर्यंतची खोली १२ मीटर धरली आणि उतार १:१० असेल, तर दोन टोकांतील फरक १.२ मीटर भरतो. एवढ्या उतारावर पूर्ण मजला बसवण्यासाठी बरेच खोदकाम करावे लागते आणि तो मजला अर्धाअधिक जमिनीखाली जातो. १:५ च्या उतारावर हा फरक २.४ मीटर होतो, तर १:४ च्या उतारावर ३ मीटर, म्हणजे जवळपास एका मजल्याइतका. ३० अंशांच्या उतारावर तो सुमारे ७ मीटरपर्यंत जातो. तेथे मजला सहज मिळतो, परंतु जमिनीच्या स्थैर्याचा प्रश्न गंभीर होतो.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींनुसार ३० अंशांपेक्षा तीव्र उतारावर आणि दरडप्रवण क्षेत्रात सामान्यतः बांधकाम करू नये, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात डोंगरमाथा आणि डोंगरउतार क्षेत्रांत १:५ पेक्षा तीव्र उतारावरील बांधकामावर कठोर निर्बंध आहेत. गोव्यात नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार डोंगर कापणे किंवा सखल जमिनीत भराव टाकणे यांसाठी पूर्वपरवानगी आवश्यक आहे. भूखंड खरेदी करण्यापूर्वीच या तरतुदींची खातरजमा करणे श्रेयस्कर ठरते.

भूखंड रस्त्याच्या वर आहे की खाली, यावरही पुढील बरेच निर्णय अवलंबून असतात. जमीन रस्त्यापासून वर चढत जात असेल, तर खालचे बिऱ्हाड रस्त्याच्या पातळीवर येते. अशा वेळी ये-जा आणि सांडपाणी सोपे होते, पण डोंगराचे सर्व पाणी मागच्या भिंतीवर येते. जमीन रस्त्यापासून खाली उतरत असेल, तर बिऱ्हाड रस्त्याच्या खाली जाते. तेथे दरीकडील दृश्य आणि एकांत मिळतो. मात्र रस्त्यावरचे पाणी घराकडे वाहून येते आणि सांडपाणी रस्त्यावरील गटारापर्यंत वर चढवण्याचा प्रश्न उभा राहतो.

जमिनीची परीक्षा

आराखड्यापूर्वी भूखंडाचे समोच्च रेषांसह मोजमाप करून घ्यावे. अर्ध्या मीटरच्या अंतराने काढलेल्या समोच्च रेषा घरासाठी उपयुक्त ठरतात. त्यानंतर चाचणी खड्डे घेऊन मातीचा थर, मुरूम आणि खडक किती खोलीवर आहे हे पाहावे लागते. उतारावर भूखंडाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला ही खोली वेगवेगळी असू शकते, त्यामुळे एकच खड्डा पुरेसा होत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशातील दरडप्रवण क्षेत्रांचे १:५०,००० या प्रमाणाचे नकाशे तयार केले असून ते ‘भूकोश’ या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. या प्रमाणात नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. अर्थात त्यातून परिसराचा धोका कळतो, एकट्या भूखंडाचा नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही. बुंध्याशी वाकलेली झाडे, कललेले विजेचे खांब, जमिनीला किंवा शेजारच्या कुंपणाला पडलेल्या आडव्या भेगा, पावसाळ्यात नव्याने फुटणारे झरे ही जमीन सरकत असल्याची लक्षणे असू शकतात. पाहणी उन्हाळ्यात एकदा आणि ऐन पावसाळ्यात एकदा करावी. परिसरातील जुन्या रहिवाशांना पाण्याच्या वाटा ठाऊक असतात आणि त्यांची माहिती अनेकदा मोलाची ठरते.

पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगरकडा कोसळून दीडशेहून अधिक ग्रामस्थ दगावले. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. घराची भिंत कितीही भक्कम असली, तरी संपूर्ण उतारच सरकल्यास तिचा उपयोग होत नाही. म्हणून परीक्षा भूखंडापुरती मर्यादित न ठेवता त्याच्या वरच्या आणि खालच्या उताराचीही करावी लागते.

भिंतीमागील पाण्याचा भार

मातीत गाडलेल्या भिंतीवर मातीचा आडवा रेटा येतो. ३ मीटर उंचीच्या भिंतीमागे निचरा होणारी, सर्वसाधारण वाळूमिश्रित माती असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर हा रेटा ढोबळमानाने २.७ टन येतो. निचरा न होता त्याच मातीत माथ्यापर्यंत पाणी साचले, तर पाण्याचा रेटाच ४.५ टन होतो आणि मातीसह एकूण भार सुमारे ६ टनांवर पोहोचतो. म्हणजे १० मीटर लांबीच्या भिंतीवर २७ टनांऐवजी ६० टनांचा भार येतो. भिंत वरच्या स्लॅबने जखडलेली असल्यास मातीचा रेटा याहून अधिक धरावा लागतो. भिंतीची उंची दुप्पट केल्यास हा रेटा चौपट होतो, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. पावसाळ्यात भिंती का फुगतात आणि का कोसळतात, याचे उत्तर बहुतांश वेळा या आकड्यांत सापडते.

त्यामुळे पाणी भिंतीपर्यंत पोहोचू न देणे हा पहिला उपाय आहे. घराच्या वरच्या बाजूस चर खणून डोंगराचे पाणी दोन्ही अंगांनी वळवावे. १५० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १५ हजार लिटर पाणी जमा होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर एका दिवसात एवढा पाऊस पडणे ही नवलाची गोष्ट नाही. हे पाणी पन्हळी आणि नळांद्वारे थेट खालच्या बाजूस नेले पाहिजे. घरालगतच्या जमिनीला पहिल्या ३ मीटरमध्ये सुमारे १५ सेंटिमीटरचा उलटा उतार दिल्यास पाणी भिंतीकडे येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे भिंतीमागे आलेल्या पाण्याला वाट देणे. भिंतीमागे स्वच्छ खडीचा सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा थर, माती मिसळू नये म्हणून त्याभोवती भू-वस्त्र आणि तळाशी छिद्रे असलेला नळ अशी रचना केली जाते. हा नळ खालच्या मजल्याच्या फरशीच्या पातळीखाली असावा, त्याला किमान १:१०० उतार असावा आणि त्याचे तोंड दरीकडील बाजूस उघड्यावर सोडावे. संकट आले तरी येथे वीज किंवा पंपावर अवलंबून राहावे लागत नाही.

तिसरा उपाय म्हणजे भिंतीच्या मातीकडील बाजूस जलरोधक थर देणे. महाराष्ट्रात शहाबादी फरशी वापरून केले जाणारे ‘बॉक्स वॉटरप्रूफिंग’ यासाठीच असते. भिंतीमागे भराव टाकण्यापूर्वी हे काम पूर्ण व्हावे लागते. पुढे आतून कितीही लेप दिले, तरी पाणी भिंतीत शिरतच राहते.

जागा उपलब्ध असल्यास यापेक्षा चांगली व्यवस्था करता येते. डोंगराची माती धरणारी संरक्षक भिंत आणि घराची मागची भिंत स्वतंत्र बांधून त्यांच्यामध्ये सुमारे एक मीटरची मोकळी जागा सोडावी. तिच्या तळाशी पाण्याचा नाला ठेवावा. त्यामुळे मातीचा रेटा घरावर येत नाही, मागच्या खोल्यांना हवा मिळते आणि भिंतीची दुरुस्तीही शक्य होते. एक मीटर जागा गमावणे अनेकांना जड जाते, तथापि ओल्या खोलीपेक्षा लहान पण कोरडी खोली केव्हाही अधिक उपयोगाची असते.

भूकंप आणि आखूड स्तंभ

१८ सप्टेंबर २०११ रोजी सिक्कीम ६.९ रिश्टर तीव्रतेच्या भूकंपाने हादरले. गंगटोक आणि परिसरात उतारावरील अनेक काँक्रीट इमारतींचे नुकसान झाले. उतारावरील इमारतीचे स्तंभ सारख्या उंचीचे नसतात. डोंगराकडील स्तंभ आखूड आणि दरीकडील लांब असतात. एकाच जाडीचा स्तंभ निम्म्या उंचीचा असला, तर तो आठपट ताठर होतो. परिणामी भूकंपाचा बहुतेक भार आखूड स्तंभांकडे ओढला जातो आणि ते प्रथम तडकतात. शिवाय इमारतीच्या एका बाजूस ताठरता अधिक असल्याने ती हादऱ्यात पिळवटली जाते.

खालच्या बिऱ्हाडाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. दृश्याच्या हौसेपोटी दरीकडील संपूर्ण बाजूला काचा लावल्या आणि मागची बाजू घन भिंतीची ठेवली, तर ही असमानता आणखी वाढते. यावर उपाय म्हणून दरीकडील बाजूसही काही काँक्रीटच्या सलग भिंती ठेवाव्यात, शक्य तितके स्तंभ समान उंचीचे करावेत आणि पायऱ्यापायऱ्यांनी घातलेले पाये एकमेकांना तुळयांनी बांधावेत. उतारासोबत पायरीने वर जाणारी आणि वरच्या मजल्यांवर मागे सरकत जाणारी इमारत भूकंपात अधिक अनुकूल ठरते, असा निष्कर्ष २००४ मध्ये व्हँकुव्हर येथे झालेल्या १३व्या जागतिक भूकंप अभियांत्रिकी परिषदेत सादर झालेल्या एका भारतीय अभ्यासात मांडण्यात आला होता. पायाचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि अर्धा ताज्या भरावावर ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे. भराव खचतो आणि घराला तडे जातात.

प्रकाश, हवा आणि ओल

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीची उंची साधारणपणे किमान २.७५ मीटर आणि एकच खोली असल्यास तिचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर अपेक्षित आहे. खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ दमट व उष्ण हवामानात फरशीच्या एक षष्ठांश, तर थंड हवामानात एक द्वादशांश असावे लागते. खालचा मजला या कसोट्यांना उतरत नसेल, तर तेथे बिऱ्हाड काढण्याचा विचार सोडून द्यावा आणि ती जागा साठवणुकीसाठी वापरावी.

एकाच बाजूने येणारा उजेड खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उपयोगी पडतो. खिडकीचा माथा २.१ मीटरवर असेल, तर हे अंतर ४ ते ५ मीटर भरते. यावरून खोल्यांची मांडणी ठरते. बैठक, शयनगृह आणि स्वयंपाकघर दरीकडील बाजूस यावे. जिना, न्हाणीघर, कोठी आणि कपाटे मातीकडील बाजूस ठेवावीत. हिमालयात उताराची दिशाही निर्णायक असते. दक्षिणाभिमुख उतारावरील खालच्या मजल्याला हिवाळ्यात ऊन मिळते, उत्तराभिमुख उतारावर मात्र तो थंड आणि दमट राहतो.

भिंतीवर दिसणारी प्रत्येक ओल गळतीमुळेच असते असे नाही. मातीला टेकलेली भिंत थंड असते आणि पावसाळ्यातील दमट हवा तिला लागून तिला घाम येतो. यातील फरक ओळखण्याची एक सोपी रीत आहे. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. पाणी खोलीकडील पृष्ठभागावर जमले, तर हवा खेळती ठेवण्याची गरज आहे. पाणी प्लॅस्टिकच्या मागे जमले, तर भिंतीतून पाझर होत आहे.

बाहेर पडण्याची वाट आणि सांडपाणी

खालच्या बिऱ्हाडाला स्वतःचे स्वतंत्र दार असावे आणि ते दरीकडील किंवा बाजूच्या मोकळ्या जमिनीवर उघडावे. केवळ आतील जिन्यावर विसंबून राहिल्यास वरच्या मजल्यावर आग लागताच खालच्या रहिवाशांचा मार्ग बंद होतो. याशिवाय शयनगृहाच्या एका खिडकीतून माणूस बाहेर पडू शकेल एवढा तिचा आकार असावा आणि तिचे गज आतून उघडता यावेत. बाहेरची पायवाट थेट रस्त्यापर्यंत पोहोचली पाहिजे. वृद्ध व्यक्ती तेथे राहणार असतील, तर पायऱ्यांची संख्या आणि कठडे यांचा विचार आरंभीच करावा लागतो.

भूखंड रस्त्याखाली असल्यास सांडपाणी रस्त्यावरील गटारात नेण्यासाठी पंपाची गरज भासते. गटार तुंबल्यास सांडपाणी उलट दिशेने सर्वांत खालच्या न्हाणीघरात चढू नये म्हणून नळावर एकदिशा झडप बसवावी. शोषखड्ड्याचा पर्याय उतारावर जपून निवडावा, कारण जमिनीत मुरलेले पाणी उतार कमकुवत करते. जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडमधील जोशीमठ येथे शेकडो घरांना तडे गेले, तेव्हा जमिनीत मुरणाऱ्या सांडपाण्याचा मुद्दाही चर्चेत आला होता. जोशीमठातील जड बांधकामांवर निर्बंध घालण्याची शिफारस मिश्रा समितीने १९७६ मध्येच केली होती.

परवानगी आणि कामाचा क्रम

अनेक विकास नियमावलींत तळघराचा वापर वाहनतळ, साठवण किंवा यंत्रसामग्री यांपुरता मर्यादित असतो. म्हणून मंजूर नकाशात खालच्या मजल्याची नोंद ‘तळघर’ अशी आहे की निवासी मजला अशी, हे पाहणे अत्यंत महत्त्वाचे आहे. नोंद तळघराची असेल, तर ते बिऱ्हाड भाड्याने देणे नियमबाह्य ठरू शकते आणि दुर्घटना घडल्यास त्याची जबाबदारी मालकावर येते.

खोदकाम पावसाळा संपल्यानंतर सुरू करून संरक्षक भिंत, तिच्यामागील निचरा आणि भराव पुढील पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावा. संपूर्ण उतार एकाच वेळी न कापता टप्प्याटप्प्याने, एक भाग सोडून एक अशा रीतीने कापावा. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल खोदकामातून १२० घनमीटर माती निघते आणि मोकळी झाल्यावर ती सुमारे १५० घनमीटर भरते. एका खेपेत ६ घनमीटर माती नेली, तरी २५ खेपा होतात. हा खर्च वाचवण्यासाठी माती खालच्या उतारावर लोटून देण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. पहिल्या जोरदार पावसात तीच माती खालच्या घरांवर वाहून जाते. माती वाहून नेण्याचा खर्च त्यामुळे अंदाजपत्रकात आधीच धरावा.

खालच्या मजल्याचा खर्च काढताना केवळ चौरस फुटांचा दर पाहून चालत नाही. संरक्षक भिंत, निचऱ्याची व्यवस्था, जलरोधक काम, मातीची वाहतूक आणि स्थापत्य अभियंत्याचे शुल्क या बाबी त्यात मिळवल्यावर हा मजला अनेकदा वरच्या मजल्यापेक्षा महाग पडतो. तो खर्च परवडत असेल आणि उतार स्थिर असेल, तरच हा मजला बांधावा. वीज गेलेली असताना, मुसळधार पावसाच्या रात्री, या मजल्यावरचे पाणी आपोआप बाहेर जाईल काय आणि येथील माणसे जिना न चढता बाहेर पडू शकतील काय, हे दोन प्रश्न आराखडा हातात घेऊन अभियंत्याला विचारावेत. दोन्हींचे उत्तर नकाशावर बोट ठेवून दाखवता आले, तर त्या मजल्यावर बिऱ्हाड काढण्यास हरकत नाही.